पहिल्यापासून सर

आमच्या सरांच्या घरात एखादी गोष्ट चालू झाली की सर ती पुसून टाकत. लोक वस्तू बिघडली की उघडतात, सर चालली की उघडत. काडेपेटीएवढा एक हिरवा बोर्ड, त्याला एक वायर आणि वायरीच्या टोकाला जुना टीव्ही, एवढा सगळा संसार. सकाळभर खटपट झाली की टीव्हीवर पांढरी अक्षरं पळायला लागायची, बोर्डावरचा दिवा लुकलुकायचा. आता हा माणूस दोन घोट चहा घेईल, जरा खूश होईल, असं आपल्याला वाटेपर्यंत सरांनी बोर्डातलं नखाएवढं मेमरी कार्ड काढून कोरं केलेलं असायचं. वर मलाच ऐकवायचे, "एकदा चालू झालं म्हंजे योगायोग असतो. दुसऱ्यांदा झालं म्हंजे आपल्याला आलं. चल, पयल्यापासून."

ही खोड शाळेपासूनची. सर तेलगावला आम्हाला गणित शिकवायचे. शेवटच्या ओळीत वजाबाकी चुकली तरी अख्खं उदाहरण परत करायला लावत. रडलं तरी तेच, पाहुणे आलेत म्हणून सुट्टी मागितली तरी तेच. पोरांनी नाव पाडलं, पयल्यापासून सर. ते नाव शाळेच्या फाटकातून बाहेर पडलं आणि सरांच्या आधी बाजारात पोचलं. निवृत्त झाल्यावर सर धारूरला दोन खोल्या घेऊन राहिले, तोवर मीही लग्न होऊन धारूरलाच आले होते आणि औषधांचं दुकान टाकलं होतं. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला पहिल्यांदा आले तेव्हा मी ओळखलं, त्यांनी नाही. मग मी म्हटलं, "सर, मी सुनीता, भागाकाराला रडणारी." तेव्हा लगेच ओळखलं.

सरांनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, यावर तेलगावात बरीच मतं होती, त्यातलं एकही सरांना विचारून बनवलेलं नव्हतं. मी एकदा चिडवलं, "मुलगी बघायला गेला असाल, पोहे खाऊन झाले असतील आणि तुम्ही म्हणाला असाल, आता पयल्यापासून." सर हसले, पण फारसे नाही. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पहिला बोर्ड त्यांना पुण्यात नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं आणून दिला. हा अख्खा कॉम्प्युटर आहे असं तो म्हणाला, ते सरांना खोटंच वाटलं. मग त्यात लिनक्स नावाची कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली कशी घालायची ते शोधता शोधता सर त्या नादाला लागले ते लागलेच. सरांना सगळ्यात नवल वाटायचं ते या लिनक्सचं. "कुटंतरी कुणीतरी बसून हे बनवतंय," ते सांगायचे, "फुकट वाटतंय, अन् कसं बनवलं तेबी उघडं ठेवतंय, ज्याला पायजे त्यानं बदलावं. आपल्याच्यानं बनवणं काय व्हायचं न्हाई. पण कसं लावायचं ते मराठीत लिहून तर ठिवता यील."

म्हणून ते लिहायला लागले. एका बोर्डासाठी एक पान, आणि ते इंटरनेटवर. वेगवेगळे बोर्ड मागवायचे, त्यावर वेगवेगळी लिनक्स घालायची, कुठं काय अडतं ते पायरीपायरीनं मांडायचं. पण लिहिलं की लगेच टाकलं असं नाही. आधी ज्याला यातलं ओ का ठो कळत नाही अशा माणसानं नुसतं पान वाचून बोर्ड चालू करून दाखवला पाहिजे, मगच पान बाहेर. धारूरमध्ये असा अडाणी माणूस शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही, मी होतेच. दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा मी त्यांनी यासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरपुढं बसायची. सर बाहेर ओट्यावर जाऊन पाठ करून बसत, मदत केल्याचं पाप लागू नये म्हणून. मी आतून कितीही हाका मारल्या तरी ओ देत नसत.

सगळं संपल्यावर आत येत आणि विचारत, "कुटं अडलीस?" मी म्हणायची, "सर, मला मेलीला डोकंच नाही." त्यावर ते ठामपणे मान हलवत. "तुजी चूक न्हाई. पानाची हाय. वाचणारा अडला की लिहिणारा चुकला." मला आश्चर्य वाटायचं. वर्गात या माणसानं एकदाही फळ्याची चूक मान्य केली नव्हती. आमचंच डोकं चुकायचं. म्हातारपणी माणसं हट्टी होतात म्हणतात, आमचे सर उलटेच निघाले.

शेजारी विचारायचे, "सर, हे करून व्हतं काय?" सर म्हणायचे, "चालू व्हतं." "अन् मग?" "मग काय न्हाई." धारूरमध्ये सरांना मान होता, नमस्कार होता, लग्नाच्या पत्रिकाही यायच्या. पण बोर्डाबद्दल बोलायला चिटपाखरू नव्हतं. या नादाच्या लोकांचा इंटरनेटवर एक कट्टा होता, तिथं सगळा कारभार इंग्रजीत. सरांनी भीतभीत आपलं एक पान तिथं दाखवलं. कुणीतरी पसंतीच्या अंगठ्याचं चित्र टाकलं, बाकी सगळे आपापल्या बोलण्यात गुंतले. सर दोन दिवस तो अंगठा बघत होते.

प्रत्येक पानाखाली वाचणाऱ्यानं काही लिहायची जागा होती. ती जागा रिकामी. पान किती जणांनी उघडलं याचा आकडा दिसायचा, पण त्यातले निम्मे सर स्वतः आणि उरलेली मी, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. सकाळी आंघोळ झाली की सर आधी ती जागा बघत, मग देवाला दिवा लावत. गोळ्या न्यायला आले की मी विचारायची, "कुणी लिहिलं का?" "न्हाई गं. यील कुणीतरी." त्यांना कौतुक नको होतं. कुठल्या तरी गावात, त्यांना न पाहिलेल्या एका माणसानं, त्यांचं लिहिलेलं वाचून एक दिवा पेटवला, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. मला तर त्या रिकाम्या चौकोनाचा रागच यायचा. एकदा मी म्हटलं, मीच लिहिते खोट्या नावानं. सर म्हणाले, "मग मी वाचणार कुणाचं?"

आणि एके दिवशी आलं. सर चपला न घालता दुकानात आले, मोबाइल पुढं धरला आणि म्हणाले, "वाच." तलवाड्याच्या गजानन नावाच्या माणसानं लिहिलं होतं. 'सर, तुमच्या पानावर लिहिलं तसंच केलं. माझ्या मुलीचे सगळे फोटो गेले. आता काय करू?'

झालं होतं असं. कार्डावर लिनक्स उतरवताना कॉम्प्युटरला सांगावं लागतं, अमक्या नावाच्या डिस्कवर लिही. जिच्यावर लिहिलं तिच्यातलं आधीचं सगळं जातं. सरांच्या कॉम्प्युटरवर कार्डाचं जे नाव दिसायचं, तेच सरांनी पानावर लिहिलं होतं. गजाननच्या कॉम्प्युटरला त्या दिवशी फोटोंची डिस्कही जोडलेली होती, आणि ते नाव नेमकं तिला मिळालं. मी इतकी पानं तपासली, पण सगळी सरांच्या घरी, सरांच्याच कॉम्प्युटरवर. सर दुकानातल्या स्टुलावर बसले. मग म्हणाले, "माणूस बदलून बघितला, सुनीता. मशीन बदलून बघितलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही तलवाड्याला निघालो. मी दुकान सासूबाईंवर टाकलं, कारण या माणसाला एकटं पाठवायचा माझा धीर होईना. तेलगाव, माजलगाव करत एसटीनं पोचलो. गजानन पस्तिशीचा, शेती करणारा. आम्हाला बघून तो गडबडला, धारूरहून माणूस खरंच येईल असं त्याला वाटलं नव्हतं. पण त्याची बायको गडबडली नाही. तिनं पाण्याचा तांब्या सरांपुढं ठेवला आणि उभ्या उभ्या म्हणाली, "तुमचं वाचून माज्या लेकीचं बारसं गेलं. तिचं पयलं वरीस गेलं. एक फोटू न्हाई ऱ्हायला." सर हात जोडून म्हणाले, "चूक माजी हाय, ताई. ह्यांची न्हाई."

पुसलेलं शोधून काढायचं एक साधन सर बरोबर घेऊन गेले होते. दिवसभर ते चाललं. फोटो एकेक करून वर यायला लागले, नाव नाही, तारीख नाही, काही वरून नीट आणि खालून राखाडी. बायको आधी दारात उभी होती, मग सरांच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली आणि ओळखायला लागली. "हे जावळ काढलं तवाचं. हे आत्याच्या मांडीवर." बारशाचे मात्र मिळाले नाहीत. एकात पाळण्याची दोरी आणि कुणाचा तरी बांगड्यांचा हात तेवढा निघाला. तो तिनं ठेवून घेतला. तिन्हीसांजेला तिनं भाकरी टाकल्या आणि म्हणाली, "सर, आता जेवूनच जा."

जेवताना सरांनी विचारलं, हे बोर्डाचं कशासाठी करत होता? गजानन म्हणाला, "भावाच्या शेतात लावायचं होतं. माजं हाय की, ते चालूच हाय."

सरांचा घास हातातच राहिला. "कोणतं चालू हाय?"

"पाण्याच्या टाकीवरचं. टाकी भरली की मोटार आपोआप बंद व्हती. तुमचंच पान वाचून लावलंय, उन्हाळ्यापासून चालू हाय. हे दुसरं होतं."

"मग कळवलं का न्हाई?"

गजाननला प्रश्नच समजला नाही. "चालू झाल्यावर काय कळवायचं सर? अडलं की माणूस इचारतो."

त्याचं काही चुकलं नव्हतं. माझ्या दुकानात रोज एवढी माणसं येतात, तुझ्या गोळीनं बरं वाटलं हे सांगायला आजवर कुणी पायरी चढलेलं नाही. तरी त्या क्षणी मला गजाननचा फार राग आला. सर मात्र ताटावरून उठले, हात धुतले आणि टाकी बघायला गेले. दिवा लुकलुकत होता. बराच वेळ ते तिथं उभे होते. शेवटच्या गाडीनं येताना माजलगाव मागं पडल्यावर त्यांनी मला विचारलं, "उन्हाळ्यापासून म्हणला ना गं तो?" मी हो म्हटलं. तेलगावच्या फाट्यावर पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं.

त्यानंतर त्यांनी एकूण एक पान नव्यानं लिहिलं. प्रत्येक पानाच्या वर तलवाड्याला काय झालं आणि ते कुणाच्या चुकीनं झालं, ते स्वतःच्या नावानिशी मांडलं. माझी परीक्षा आता दुसऱ्यांच्या मशीनवर व्हायची. कुणाचा जुना लॅपटॉप, कुणाच्या मुलाचा कॉम्प्युटर, सर गयावया करून मागून घेत आणि मला बसवत. पानं खरोखर चांगली झाली, मी अडायची बंद झाले. सरांचा सकाळचा नेम चालू राहिला. जागा रिकामीच राहिली.

सर गेले ते दुपारी, ओट्यावर बसल्या बसल्या. आत मीच पान तपासत होते. लातूरचा पुतण्या आला, त्यानं सगळं रीतसर केलं, कॉट आणि टीव्ही नेला. बोर्डांचं काय करू, म्हणाला. मी माझ्याकडं ठेवून घेतले. मग सरांच्या कॉम्प्युटरवरूनच त्यांच्या पहिल्या पानाच्या डोक्यावर मी दोन ओळी लिहिल्या, की हे लिहिणारे सर आता नाहीत.

आणि माणसं बोलायला लागली. त्या चौकोनात, जिथं इतकी वर्षं एका गजाननशिवाय काळं कुत्रं फिरकलं नव्हतं, तिथं. कुणी लिहिलं, आमच्या शाळेत सरांच्या पानावरून लावलंय. कुणी लिहिलं, माझ्या दुकानात आहे, कधी बंद पडलं नाही. मी वाचत होते आणि शिव्या देत होते. मुडद्यांनो, जिवंतपणी चार अक्षरं लिहायला तुमची बोटं झिजली असती का?

परवा एक नवीन आलं. पाटोद्याकडची कुणी मुलगी होती, वरच्या दोन ओळी न वाचताच तिनं लिहिलं होतं, 'आज पहिल्यांदाच जमलं. माझ्या घरात कुणाला यातलं कळत नाही, म्हणून इथं लिहिते. सरांना सांगा.'

दुकानात तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. मी मोबाइल खाली ठेवला आणि रिकाम्या स्टुलाकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "सर, पाटोद्याच्या एका पोरीला जमलंय. तिनं तुम्हाला कळवायला सांगितलंय."