चार कळश्या लंडनपर्यंत

आमच्या वकीलसाहेबांना देऊळगाव राजाहून मोटारीने थेट लंडन गाठायचं होतं. मी त्यांचा कारकून. इराण, तुर्कस्तान असे देशामागून देश ओलांडणारी तांबडी रेघ नकाशावर मीच ओढली. रस्ते, परवाने, पेट्रोल यांची साहेबांना फिकीर नव्हती. महिनाभर खल चालला तो पाण्याचा. परक्यांच्या हातचं पाणी चालणार नाही, म्हणून घरच्या विहिरीच्या चार कळश्या सोबत! चार कळश्या लंडनपर्यंत पुरतील, असं या विद्वानाला खरोखर वाटत होतं.

आधी जालन्यापर्यंत जाऊन पाहू, असं ठरलं. भर उन्हात चढावर इंजिन तापलं आणि चारही कळश्या त्यानेच पिऊन टाकल्या. मग साहेबांना तहान लागली.

"माह्यापाशी पाणी हाये साहेब, पेता का?" मुसलमान ड्रायव्हरने पाण्याची छागल पुढे केली.

साहेबांनी तोंड फिरवलं आणि मोटार घराकडे वळवायला लावली. सगळे देश दहा मैलांत आटोपले.

ही गोष्ट मी जन्मभर हसत सांगत आलो. घशाला कोरड पडली असूनही त्या छागलीला मीही हात लावला नव्हता, एवढंच गाळतो.