हरलेल्या सामन्यांचं पुस्तक

बास्केटबॉल त्याच्याकडे आला तो उंचीमुळे नव्हे. उंची त्याची जेमतेम पाच फूट दोन इंच. पेपरात तो निधनाच्या जाहिरातींची प्रुफं तपासायचा. आधीचा बास्केटबॉलवाला नोकरी सोडून गेला तेव्हा क्रीडा संपादकांनी खोलीभर नजर फिरवली आणि ज्याने वेळेत मान खाली घातली नाही, त्याला विचारलं, "बास्केटबॉल कळतो?"

"नाही."

"उत्तम. म्हणजे लांबलचक लिहिणार नाहीस."

अंदाज साफ चुकला. पहिल्याच सामन्याची त्याने आठ पानं बातमी लिहिली. छापून आल्या तीन ओळी, त्यातही स्कोअर उलटा. दुसऱ्या दिवशी हरलेला संघ आभार मानायला ऑफिसात हजर. तेव्हापासून त्याचं नाव 'सविस्तर' पडलं.

स्टेडियमवर 'पत्रकार कक्ष' अशी पाटी होती. दार उघडलं की आत झाडू, बादल्या आणि एक घडीची खुर्ची. सविस्तर ती खुर्ची बाहेर काढायचा, मांडीवर वही घ्यायचा आणि कोणी किती मारले, कोणाचे किती हुकले, सगळं टिपायचा. अठ्ठावीस वर्षं हेच. पेपरात तीन ओळी, बाकी सगळं वहीत. वह्यांनी आधी कपाट घेतलं, मग कपाटावरची जागा, मग मुलीच्या पलंगाखालची. बायको शाळेत भूगोल शिकवायची. ती म्हणायची, "या घरात आता आपणच राखीव खेळाडू."

त्याचं पहिलं पुस्तक गावातल्या बास्केटबॉलचा इतिहास. प्रकाशकाने मुखपृष्ठावर व्हॉलीबॉल छापला. "चेंडू गोल आहे ना?" एवढंच त्याचं म्हणणं. लोकांनी पुस्तकाची तारीफ केली. मुखपृष्ठाबद्दल मात्र कोणी तक्रार केली नाही, त्यावरून किती जणांनी पुस्तक हातात घेतलं होतं हे सविस्तरला कळलं.

दुसरं पुस्तक त्याच्याकडे चालून आलं. गावच्या संघाचे प्रशिक्षक साठीचे झाले. सगळे त्यांना 'सर' म्हणत. गौरव समितीला त्यांचं चरित्र हवं होतं. सविस्तरने वह्या उपसल्या आणि चारशे बारा पानं लिहिली. सरांनी ती लाल पेन्सिल घेऊन वाचली आणि त्याला घरी बोलावलं.

"हे हरलेले सामने कशाला?"

"सर, ते झाले होते."

"झाले असतील. मला आठवत नाहीत. आणि चरित्र माझं आहे ना?"

हरलेले सामने काढल्यावर बहात्तर पानं उरली, तीही मोठ्या टाइपात. नाव ठेवलं 'अपराजित'. समारंभात प्रमुख पाहुण्यांनी पुस्तकावरचं प्लॅस्टिक न काढता त्यातल्या सखोल विश्लेषणाचं कौतुक केलं. सविस्तर तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता, कारण शेजारी क्रीडा संपादक होते. घरी आल्यावर मात्र त्याला जेवण जाईना.

"काढलेली पानं कुठायत?" बायकोने विचारलं.

"आहेत."

"मग खरं पुस्तक तेच. ते लिहा."

निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून त्याने ते लिहिलं. प्रकाशक म्हणाला, "हरलेल्यांचं पुस्तक घेणार कोण?"

"हरलेलेच. ते संख्येने जास्त आहेत."

तीनशे प्रती निघाल्या. सरांचा फोन आला. "यात माझं नाव दोनशे नऊ वेळा आहे," ते म्हणाले. सविस्तरने नम्रपणे सांगितलं की सामने तेवढेच होते. त्यानंतर सरांनी बोलणं टाकलं.

मग एके दुपारी औषधाच्या दुकानाची मालकीण पुस्तक घेऊन दारात उभी राहिली. वीस वर्षांपूर्वी ती मुलींच्या संघाची कर्णधार होती.

"पान एकशे त्रेचाळीस," ती म्हणाली. "शेवटच्या क्षणी मला दोन फ्री थ्रो मिळाले, त्यातला एक हुकला असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही हुकले होते."

त्याने आत जाऊन वही आणली, पान काढून तिच्यापुढे धरलं. वहीत दोन्ही हुकलेले होते.

"मग पुस्तकात एक का?"

"सामना संपल्यावर तुम्ही पायरीवर बसून रडत होतात. लिहिताना ते आठवलं. म्हटलं, एक पुरे."

"समोर अडवायला कोणी नसताना दोन्ही घालवले मी," ती म्हणाली. "वीस वर्षं पोरींना तेच सांगत आलेय, की त्यातूनही माणूस दुकान काढतो, संसार करतो. तुमच्या पुस्तकाने माझी गोष्ट निम्मी करून टाकली."

सरांच्या लाल पेन्सिलीवर तो इतकी वर्षं मनात चिडला होता. आपण तेच केलं, फक्त मायेने केलं, हे त्याच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी तो प्रकाशकाच्या गोदामात गेला आणि उरलेल्या दोनशे चाळीस प्रतींत शाईने 'एक'चे 'दोन्ही' केले. "एका शब्दासाठी?" प्रकाशकाने विचारलं. सविस्तरने पुढची प्रत ओढली.

ही बातमी पसरली आणि दुरुस्त्या घेऊन लोक घरी येऊ लागले. एक विमा एजंट हटून बसला, की आपला संघ एकाच गुणाने हरला होता. पुस्तकात एकोणीस होते. सविस्तरने वही दाखवली. एजंटने बोट ठेवून आकडे पुन्हा मोजले.

"एकोणीसच असतील," शेवटी तो म्हणाला. "पुस्तक मी घेतो, पण घरी नेत नाही. बायकोला एकच सांगितलाय."

त्याची प्रत अजून सविस्तरच्या कपाटात आहे. दर रविवारी तो येतो, तिथेच बसून वाचतो आणि निघून जातो.