आजी, तिला सांगा

१४ ऑगस्ट १९९७, गुरुवार. सुवा. सकाळपासून पाऊस. चर्चमध्ये मिसाला जाऊन आले. चारला आपिसाई आणि वासिती आले, माझं पोट तपासून साडेपाचला गेले. यकृत सापडलं. प्लीहा नाही.

अकोसिताने रात्री वहीत एवढंच लिहिलं. नाही सापडली ते बरंच. निरोगी माणसाची प्लीहा हाताला लागत नाही, एवढं वैद्यक अकोसिताला सत्तराव्या वर्षी यायला लागलं होतं.

त्याला कारण वैद्यकीय कॉलेजची नवी टूम. वरच्या वर्गातल्या मुलांनी खालच्यांना शिकवायचं आणि जोड्या हजेरीच्या क्रमांकाने लावायच्या. आपिसाईच्या वाट्याला आली वासिती, त्याच्या मावशीची मुलगी. मावशीची मुलगी म्हणजे बहीणच, आणि बेटांवरच्या रीतीप्रमाणे भाऊ-बहीण वयात आले की एकमेकांशी बोलत नाहीत, अंगाला हात लावणं तर दूरच. जोडी बदलून मागावी, तर यादीवर डीनची सही. वासिती प्रात्यक्षिकात एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली की कादावू बेटावर परत, बापाच्या बोटीवर मासे साफ करायला.

म्हणून दोघं कॉलेजशेजारच्या अकोसिताकडे आले. तिच्याकडे वेळ होता, पोट होतं आणि तोंडही होतं.

"आजी, तिला सांगा, हात गार आहेत," अकोसिताचं अंग आखडलेलं पाहून आपिसाई म्हणाला.

अकोसिताच्या पोटावर हात ठेवून उभ्या असलेल्या वासितीला हे ऐकू आलं नाही. "हात चोळून घे गं, तो म्हणतोय," असं खाटेवर पडलेली अकोसिता म्हणाली, तेव्हा आलं.

"तिला सांगा, पोट आहे ते. उकडलेला कसावा कुस्करायचा नाहीये."

"तो म्हणतो, जरा हलक्या हाताने."

"एवढंच म्हणाला?"

"एवढंच."

"मला कसावा ऐकू आल्यासारखं वाटलं."

"पाऊस असेल."

निरोपांना अशी इस्त्री करून देण्यात आठवडे गेले. त्या गुरुवारी मात्र आपिसाईने प्लीहा थेट डाव्या बरगडीखाली शोधायला सांगितली आणि वासितीचा हात थांबला.

"आजी, त्याला विचारा, प्लीहा फारच वाढलेली असली तर? हात तिच्यावरच पडेल आणि कडा सापडणारच नाही. उजवीकडून, खालून वर यायला नको?"

दोन वर्षं आपिसाई थेट बरगडीखालूनच सुरुवात करत आला होता.

"तिला सांगा, मी तेच सांगणार होतो."

"तो म्हणतो, तुझं बरोबर आहे," अकोसिता म्हणाली. ही इस्त्री जरा कडक बसली, पण आपिसाईने हरकत घेतली नाही.

नोव्हेंबरात परीक्षा झाली. वासितीसमोर एक म्हातारा कोळी झोपवला होता. प्लीहा शोधायला कुठून सुरुवात करशील, असं परीक्षकांनी विचारलं. सवयीने ती रोग्याकडे वळली.

"आजोबा, सरांना सांगा, उजवीकडून, खालून वर."

म्हाताऱ्याने सरांना सांगितलं. पुढची सगळी परीक्षा अशीच झाली. 'प्रत्येक पायरी रोग्याला समजावून सांगते. असं फार थोड्यांना जमतं,' असा शेरा मारून परीक्षकांनी तिला पास केलं.

"म्हाताऱ्याने मधलं काही गाळलं नाही ना?" अकोसिताने नंतर विचारलं.

"नाही आजी. तो तुमच्यासारखा नव्हता."

डिसेंबरात कॉलेजने आपिसाईला प्रमाणपत्र दिलं. विद्यार्थिनीशी साधलेल्या उत्तम संवादाबद्दल. तो ते घेऊन आला, तेव्हा वासिती पायरीवरच बसली होती.

"आजी, तिला सांगा, अभिनंदन."

"आजी, त्याला सांगा, त्याचंही."

अकोसिताने दोन्ही निरोप होते तसे पोचवले. दोघं गेल्यावर तिने वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं: आता पोट तपासायला कोणी येणार नाही. खाटेवरची चादर धुतली. अजून वाळली नाही.