हात कुणाचा लागला

ही गोष्ट सांगायची मी टाळली असं म्हटलं, तर तेही खोटंच होईल. गोष्ट मी कैक वेळा सांगितली आहे. सत्काराच्या स्टेजवर, मंडळांच्या कार्यक्रमात, मुलाखत घ्यायला घरी आलेल्या पोरांच्या मोबाईलसमोर. टाळलं ते खरं सांगायचं. ज्याच्याबद्दल ती आहे तो माणूस गेल्या थंडीत गेला. आता जाब विचारणारं कुणी उरलं नाही म्हणून म्हातारा शूर झाला, असं कुणाला वाटलं तर वाटू दे. ते फारसं चुकीचं नाही.

लोक मला फाईट मास्टर म्हणून ओळखतात. कोल्हापुरात पट्टा फिरवणारा पोरगा सिनेमात गेला, घोड्यावरून पडला, काच फोडून बाहेर आला, पुढं दुसऱ्यांना मारामाऱ्या शिकवू लागला, हे सगळं छापून आलेलं आहे. त्यात खोटं काही नाही. फक्त तो पोरगा मी असायला नको होतो.

आमची तालीम कुस्तीची नव्हे, मर्दानी खेळांची. आधी लाठी, मग ढाल-काठीचा फरी-गदगा, आणि हात बसला की दांडपट्टा. पट्ट्याची लोखंडी मूठ कोपरापर्यंत हात गिळून बसते. मनगट वळत नाही. पुढचं लवलवतं पातं खांद्यातनं आणि कमरेतनं सांभाळावं लागतं. ज्याची ही गोष्ट, तो मूळचा कबनूरचा, इथं मामाकडं राहून उद्यमनगरात लेथवर काम करायचा. माझ्या घरी दूधदुभतं. मी दुपारी झोप काढून तालमीत जायचो, तो आठ तास मशीनपुढं उभा राहून यायचा आणि तरी माझ्यापेक्षा हलका फिरायचा. समोरच्याच्या तळहातावर लिंबू ठेवून तो पट्ट्यानं त्याच्या दोन फाका करायचा, तळहाताला ओरखडा नाही. वस्ताद म्हणायचे, "मारणारी लई हाईत. हात थांबतोय तो ह्याचाच." माझ्यापुढं तळहात धरायला त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मी विटेवर लिंबू ठेवून काटायचो. वीट कितीतरी वेळा फुटली.

मी बाविशीत असताना मुंबईचं एक युनिट पन्हाळ्यावर आलं. तलवारबाजीचा हिंदी सिनेमा होता. त्यांचा फाईट मास्टर आमच्या तालमीत येऊन सहा जण निवडून गेला. त्यात आम्ही दोघं. दोन दिवस त्यानं आमच्याकडनं सराव करून घेतला आणि तालमीत शिकलेलं निम्मं विसरायला लावलं. कॅमेऱ्याला वार बसल्यासारखा दिसला पाहिजे, माणसाला बसता कामा नये. "हाथ लगा, तो सीधा घर," एवढंच तो सारखं सांगायचा. त्या धंद्यात एखाद्याबद्दल 'त्याचा हात लागतो' असं म्हटलं की त्याचं काम संपलं. हिरोच्या तोंडावर सगळा सिनेमा उभा असतो. ते तोंड धोक्यात घालणारा कुणाला नको असतो.

सरावाच्या दुसऱ्या दिवशी मास्टर म्हणाला, "तुम दोनों में से एक को मैं बंबई ले जाऊँगा." दोनों म्हणाला, पण बघत होता त्याच्याकडं.

खाली उतरताना बाकीचे त्याची थट्टा करत होते. "मुंबैला गेल्यावर आमाला वळख दे रं, हिरो!"

"पैल्यांदा लेथवरनं सुट्टी मिळू दे की," तो म्हणाला. मग माझ्या पाठीत बुक्की घालून, "ह्यालाबी नेतो. चपला उचलाय कुणीतरी पायजेच की!"

सगळे हसले. मीही हसलो. ती चेष्टा होती, त्याच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात होतं.

तिसऱ्या दिवशी शॉट. सहाही जणांच्या अंगात एकसारखे अंगरखे, तोंडाला काळी फडकी. मध्ये हिरो. लाकडी तलवारींना चंदेरी रंग दिलेला. मास्टर मोठ्यानं आकडे मोजणार, चारला आम्ही वार करायचा आणि चारलाच हिरो खाली बसणार. हिरोच्या डाव्या अंगाला आम्ही दोघं शेजारी शेजारी. मी तीनला वार केला. चूक झाली नाही, घाई झाली नाही. कॅमेऱ्यात सगळ्यांच्या आधी माझी तलवार दिसावी म्हणून मी तीनला केला. हिरो अजून उभाच होता. तलवारीची धार लाकडीच, पण भुवई फुटायला तेवढी पुरते.

हिरो खाली बसून आमच्या आयांचा उद्धार करत होता, भोवती माणसं पळत होती. मास्टरनं आमच्या तोंडावरची फडकी ओढून काढली.

"किसका हाथ लगा?"

मी गप्प बसलो असतो तर त्यानं आम्हा दोघांनाही हाकललं असतं, आणि ते निदान निम्मं तरी न्यायाचं झालं असतं. मी बोट केलं.

"त्याचा," मी म्हणालो. "त्याचा हात लागतो साहेब. तालमीतबी लागतो."

पहिलं वाक्य भीतीनं आलं असं म्हणता येईल. दुसरं भीतीनं आलं नाही. ते मला सुचलं, आणि सुचल्याबरोबर मला बरं वाटलं.

तो आधी हसला. कालच्या थट्टेची मी परतफेड करतोय असं त्याला वाटलं असावं. मग त्याच्या लक्षात आलं. "काय बोलतोस रं? माझ्याकडं बघून बोल की!" मी मास्टरकडंच बघत राहिलो. त्यानं माझा अंगरखा धरून मला तटाच्या भिंतीवर आपटलं. तिघांनी ओढून काढला त्याला.

"देखा?" मास्टर म्हणाला. "हाथ पे काबू ही नहीं है."

दुपारच्या जेवणाआधी त्याला पन्हाळ्यावरनं खाली पाठवलं. उरलेल्या चौघांनी वार कुणाचा ते पाहिलं नव्हतं. आणि मुंबईला जाणारा आता मी होतो, तेव्हा त्यांच्या लेखी मीच खरं बोलत होतो.

मुंबईतल्या माझ्या पहिल्या वर्षांबद्दल पुष्कळ लिहून झालंय. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या ढिगावर दुसऱ्या मजल्यावरून उड्या, मोडलेल्या बरगड्या, हिरोइनीचा पोशाख घालून केलेली घोडदौड. ते सगळं मी नीट केलं. पण कोल्हापूरकडचा नवा माणूस कामाला आला की मास्टर मला विचारायचा, "ये वो हाथ लगने वाला तो नहीं?" आणि मी म्हणायचो, "नाही, तो वेगळा." ज्याच्याकडं मी बोट केलं होतं तो दोन युनिटच्या दारात काम मागायला गेला होता, हे मला तिथंच कळलं. दोन्ही ठिकाणी माझं वाक्य त्याच्याआधी पोचलं होतं.

पुढच्या दसऱ्याला मी गावी आलो, डोळ्यांवर गॉगल. तालमीचे खेळ चालू होते. त्याची पाळी आली. हातात लिंबू घेऊन त्यानं विचारलं, "कोण येतंय?" दरवर्षी तळहात पुढं करायला रेटारेटी व्हायची. त्या वर्षी कोणी हललं नाही. मागनं एक जण ओरडला, "थांब, इमा उतरवून येतो!" हशा पिकला. हशात त्याला मी दिसलो.

"तू ये की," तो म्हणाला. "तुला म्हाईत हाय माझा हात."

सगळी गर्दी माझ्याकडं वळली. मी चार पावलं पुढं जाऊन हात धरला असता, तर बोलायचीही गरज नव्हती. मी म्हणालो, "परवा माझं शूटिंग हाय बाबा. हात लागतोय मला!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातनं त्याची बायको उठली. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्याच्यापुढं जाऊन तिनं तळहात पसरला.

"बस खाली," तो म्हणाला.

"काटा. मी काय सिनेमातली हाय व्हय?"

त्यानं खूप वेळ घेतला. एवढा वेळ मी त्याला कधी घेताना पाहिलं नव्हतं. मग पातं फिरलं आणि दोन फाका मातीत पडल्या. तिनं तळहात उलटसुलट करून गर्दीला दाखवला. टाळ्या थोड्याच वाजल्या. त्यानं पट्टा हातातनं काढला, वस्तादांच्या पायाशी ठेवला आणि बायकोला घेऊन निघून गेला. महिन्याभरात लेथही सोडली आणि कबनूरला जाऊन यंत्रमागावर लागला.

वस्तादांनी मला बाजूला घेतलं. "आपल्या तालमीत कवा लागला रं त्याचा हात?"

"तिकडं लागला म्हणून सांगितलं," मी म्हणालो. वस्ताद त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. मी लोकांना सांगायचो, वयानं त्यांना ऐकू येत नाही.

पुढं मी नावारूपाला आलो. सत्कारात मला तोच किस्सा सांगायला लावायचे. मी तो घोटून घोटून विनोदी केला. हिरोची वळलेली बोबडी, मास्टरची शिवी, आणि आमचा एक 'हात लागणारा' गडी. माणसं पोट धरून हसायची. माझ्या नातवंडांनाही तो पाठ आहे.

दोन वर्षांपूर्वी मी कबनूरला गेलो. घर सापडलं. दारात त्याची बायको, केस पांढरे झालेले. तिनं मला ओळखलं, ते मला दिसलं.

"कोण पावणं? कुणाकडं आलाय?"

मी सांगितलं.

"कारखान्यात हाईत. मागल्या बाजूला." पाणी विचारलं नाही. आमच्याकडं वैऱ्यालाही पाणी विचारतात.

मागच्या शेडमध्ये त्याच्या मुलाचे आठ माग धडधडत होते. सुताचे धोटे इकडून तिकडं आपटत होते, पायाखालची फरशी थरथरत होती. तो स्टुलावर बसून कापडाची किनार बोटांनी तपासत होता. मला पाहून उठला नाही. मी बाहेर चल म्हणून खूण केली. त्यानं मान हलवली आणि ओरडला, "हितंच बोल!"

मी कानाला हात लावला. काही ऐकू येत नाही म्हणून.

"मोठ्यानं बोलाय नको! मागावाल्यांस्नी व्हट वाचाय येत्यात!"

आणि तो माझ्या ओठांकडं बघत राहिला. दोन कामगार होते, तेही बघू लागले. आवाज काढायचीसुद्धा गरज नव्हती. एस.टी.त मी वाक्य जुळवून आणलं होतं, लहान केलं होतं, अवघड शब्द काढून टाकले होते: पन्हाळ्यावर हिरोला मी मारलं, तू नव्हे, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं, मला माफ कर.

"तब्येत बरी हाय न्हवं?" मी म्हणालो.

तो आणखी थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत थांबला. मी तोंड उघडलं, कापसाची धूळ घशात गेली, आणि मी खोकत खोकत त्याला हात जोडले, पाहुणा जाताना जोडतो तसे.