कुंदाबाईंची गुडाखूची डबी

माझ्या सासूबाई, कुंदाबाई, एका जागी गप्प बसल्याचं मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर आमचं धान पिकतं, पण शेतात काम असो वा नसो, त्यांचे हात चालूच. त्यांना थांबवणारी एकच वस्तू होती, गुडाखूची डबी. तंबाखूचा तो काळा लेप बोटावर घेऊन सकाळी दात घासत बसल्या, की घटकाभर घरात सुख असे.

त्यांचे धाकटे भाऊ केवळराम, म्हणजे आमचे मामा, कोहमाऱ्याच्या चौकात पंक्चरचं दुकान चालवायचे. २०१२ साली त्यांना रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधांनी आजार दबला, पण तो उलटू नये म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, त्यांना द्याव्या लागणार होत्या. सगळ्या भावंडांत जुळल्या त्या फक्त सासूबाईंच्या.

"काढा ना मंग! विचारता कायले?" सासूबाई डॉक्टरांवरच डाफरल्या.

डॉक्टरांनी आधी काही दिवस इंजेक्शनं दिली. त्या इंजेक्शनांनी हाडं ठणकतात. "धानाच्या रोवण्यावानी कंबर दुखून राह्यली, अन् चिखलाची बांधी तं कोठीच दिसत नाही," असं म्हणत सासूबाईंनी ती सोसली. तंबाखू बंद म्हटल्यावर त्यांनी मुंडी हलवली. मुंडी हलवण्याचा आणि ऐकण्याचा आमच्या घरात काही संबंध नाही, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

पेशी काढायचा दिवस आला. नागपूरच्या त्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर मामा होते. जोरदार औषधांनी त्यांची स्वतःची रक्त बनवायची ताकद संपवून टाकली होती. आता बहिणीच्या पेशी मिळाल्या नसत्या, तर मामा वाचले नसते. खाली सासूबाईंच्या दोन्ही हातांत सुया. एका हातातून रक्त मशीनमध्ये जायचं, पेशी तेवढ्या गाळल्या जायच्या आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत यायचं. कितीतरी तास हात हलवायचे नव्हते.

"ओठांना मुंग्या येतात का?" नर्स विचारायची.

"नाही."

पुन्हा विचारलं, पुन्हा "नाही." हात बांधले तर तोंडही मिटलं, म्हणून मी खूश होते. मग बघते तर त्यांच्या डोळ्यांतून धारा!

"आई, काय झालं?"

"मंजू, मशीनीनं पकडलं व मले," त्या कुजबुजल्या. "सकाळी संडासात लपून गुडाखू केलो. आता ओठ झिणझिण करून राह्यले. सांगतलो तं हे लोक सुया काढतीन, मले हाकलून देतीन. अन् माहा केवळराम मरन व!"

मला असा राग आला, आणि रडूही आलं. त्या नको नको म्हणत असतानाच मी नर्सला हाक मारली. नर्स हसायलाच लागली. रक्त गोठू नये म्हणून मशीनमध्ये औषध असतं, त्यानं अंगातलं कॅल्शियम उतरतं आणि ओठांना मुंग्या येतात, तंबाखू खाणाऱ्यालाही आणि न खाणाऱ्यालाही! तिनं मशीन हळू केलं, कॅल्शियम लावलं आणि गुडाखूबद्दल चांगलं झाडलं. थोड्या वेळात मुंग्या गेल्या आणि सासूबाईंचं तोंड जे सुटलं, ते पेशी पुरेशा मिळून मशीन थांबलं तरी बंद होईना.

पुढच्या भाऊबीजेला मामा आमच्याकडे आले. डोक्यावर नवे, काळेभोर केस. ओवाळून घेताना थोरल्या बहिणीला म्हणाले, "बाई, जनमात तंबाखूले हात नाही लावलो. अन् तुहं रक्त आलं तवापासून सकाळी सकाळी गुडाखूची तलफ येऊन राह्यली!"

आम्ही हसून हसून लोटपोट. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. उठल्या, कोनाड्यातली डबी काढली आणि अंगणापलीकडच्या उकिरड्यात भिरकावून दिली.

"बाई, मजाक केलो व मी!"

"मजाक असन," त्या म्हणाल्या. "पर माहं रक्त आता दोन ठिकाणी वाहून राह्यलं. इकडं घाण टाकलो अन् तिकडं गेली तं?"

मामांनी पाटावरूनच वाकून त्यांचे पाय धरले.

आमचं सकाळचं ते घटकाभराचं सुख मात्र गेलं. आता उजाडल्यापासूनच सासूबाईंचे हात सुरू होतात, आणि मी तक्रार करत नाही.