अत्तेंसाठी अळणी पिठलं

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा हसा. पण शेवटपर्यंत ऐका, कारण इतकी मोठी फजिती मी पुन्हा केली नाही आणि करायची ताकदही आता उरलेली नाही.

आमच्या वयाची चार माणसं चहाला बसली की कधी ना कधी तो प्रश्न निघतोच. दिल्लीत पंतप्रधानांना गोळ्या घातल्या, त्या दिवशी तू कुठे होतीस? कुणी परीक्षेच्या हॉलमध्ये होतं, कुणी स्टेशनवर अडकलं होतं. सगळे गंभीर होऊन सांगतात. मग माझी पाळी येते.

मी? मी पिठलं ढवळत होते. पंधरा माणसांचं. आणि ढसाढसा रडत होते. पण पंतप्रधानांसाठी नव्हे हो! आमच्या अंबुअत्तेंसाठी.

अंबुअत्ते म्हणजे माझ्या नवऱ्याची, रघूची आत्या. म्हैसूरच्या जुन्या मराठी घरांत आत्याला कानडीसारखं अत्ते म्हणतात. रघूची आई तो लहान असतानाच गेली, अत्तेंनीच त्याला वाढवला. म्हणजे नावाला आत्या, पण माझी सासू तीच. तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलेलं, त्यातली शेवटची बारा हेडमिस्ट्रेस म्हणून. नवरा गेल्यापासून मंडी मोहल्ल्यात एकट्या राहायच्या. त्यांच्याकडे जुना भला मोठा रेडिओ होता. त्यावर परदेशी स्टेशनं खणखणीत लागायची, म्हणून काही घडलं की सगळी गल्ली त्यांच्या ओसरीवर. हा रेडिओ लक्षात ठेवा. मी ठेवला नाही, तिथेच सगळं चुकलं.

मी साताऱ्याची. लग्न होऊन सहा महिने झालेले. कानडी येत होतं ते एवढंच: बेकु, साकु, बन्नी. हवं, पुरे, या. एवढ्यावर भाजी मिळते, बातमी मिळत नाही.

आणि त्याच्या दोन दिवस आधी माझं अत्तेंशी कडाक्याचं भांडण झालं होतं. कशावरून? मिठावरून! त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं होतं आणि डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं होतं. मी आज्ञाधारक सून. डबा घेऊन गेले, सारू-भात, म्हणजे इकडची आमटी-भात वाढला, बिनमिठाचा. अत्तेंनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"काय गं, तुमच्या साताऱ्यात सासूला असं मारतात का?"

"अहो, मीठ खाल्लंत तर मराल!" मी म्हणाले.

बोलायला नको होतं. पण बोलले. अत्ते ताडकन उठल्या. "हिला सगळं कळतं! सुम्ने मला कुणी शिकवायला नको!" सुम्ने म्हणजे उगीच, त्यांचं प्रत्येक तिसरं वाक्य त्याने सुरू व्हायचं. मी डबा तिथेच टाकून निघून आले. दोन दिवस रघूशीही धड बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी मला राहवेना. रघू ऑफिसला गेल्यावर आमच्या कुवेंपुनगरहून बस धरली. ठरवलं, पाय धरायचे, माफी मागायची. निघताना नीट मीठ घातलेल्या चार चकल्याही पदरात बांधून घेतल्या होत्या. डॉक्टरांना कोण सांगणार होतं?

गल्लीच्या तोंडाशी आले आणि जागीच थांबले.

अत्तेंच्या दारात चपलांचा ढीग. ओसरीवर पुरुषमाणसं माना खाली घालून उभी. दोन बायका पदराने डोळे पुसतायत. शेजारचे दुकानदार फळ्या लावून तिथेच येऊन उभे राहिलेले. एका म्हाताऱ्या बाईला मी खुणेनेच विचारलं, काय झालं? तिने माझ्याकडे बघितलं, ओठ हलवले, आणि हुंदका देऊन मान फिरवली.

आता तुम्हीच सांगा, दोन दिवसांपूर्वी ज्या बाईला मी तोंडावर "मराल" म्हटलं, तिच्या दारात हे दृश्य. मी काय समजायचं?

तुम्ही म्हणाल, अगं मेले, आत जाऊन बघायचं ना! इथेच तर माझं शहाणपण आडवं आलं. माझ्या आईने मला सगळं शिकवून पाठवलं होतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही. पिठलं-भात बाहेरून न्यायचा असतो. आणि आत पाऊल टाकलं की विटाळ, मग आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकाला हात लावायचा नाही. अत्तेंना दुसरं आहे कोण? मी आत जाऊन रडत बसले तर त्या घराला जेवायला कोण घालणार? अत्ते लग्न होऊन दुसऱ्या गोत्रात गेलेल्या, म्हणजे आम्हाला सूतक नाही, असाही निकाल मी तिथल्या तिथे देऊन टाकला. जिवंतपणी एक काम त्यांच्या मनासारखं झालं नाही, निदान हे तरी चोख करू!

गल्लीच्या तोंडावरूनच हात जोडले आणि उलट्या पावली बस धरली.

बसमध्ये सगळे कुजबुजत होते. कंडक्टरचे डोळे लाल. बाहेर धडाधड शटरं खाली येत होती. एका शाळेतून मुली रांगेने बाहेर पडत होत्या, दोघी-तिघी रडत होत्या. माझं काय झालं असेल! मनात म्हटलं, बघ, तीस वर्षं शिकवलं बाईंनी, अर्ध्या म्हैसूरच्या मुली त्यांच्या हाताखालून गेल्या. आपल्याला त्यांची किंमत कळली नाही, पण गावाला कळली.

पुढे एका सरकारी कचेरीवरचा झेंडा अर्ध्यावर उतरवत होते. तो बघून मात्र मला जरा वाटलं, की हे थोडं जास्त होतंय. पण म्हटलं, हेडमिस्ट्रेस होत्या. सरकारी नियम असेल.

घरी आले ती थेट शेजारच्या शारदम्मांकडे. आमच्या भागात फोन त्यांच्याकडेच. त्यांचेही डोळे सुजलेले. मला बघताच गळ्यात पडल्या. आम्ही दोघी मनसोक्त रडलो, दोन वेगवेगळ्या माणसांसाठी. मग मी म्हैसूरजवळच्या टी. नरसीपूरला अत्तेंच्या धाकट्या दिरांना ट्रंक कॉल लावला. भाऊकाकांची तिथे राइस मिल होती, फोन मिलमध्ये.

"काका, अंबुअत्ते गेल्या."

"काय? अय्यो देवा! कधी?"

"आत्ताच. सगळं म्हैसूर बंद झालंय, काका."

"वहिनीसाठी?" काकांचा आवाजच गेला.

"झेंडेसुद्धा उतरवले," मी म्हणाले.

पलीकडे त्यांनी कुणाला तरी जीप काढायला सांगितलं. मग काका म्हणाले, "निघतो. भटजींना घेऊन येतो. इथल्या नदीसंगमाचं पाणी आणतो. तोवर कुणाला उचलू देऊ नको."

रघूच्या ऑफिसात फोन केला. कुणी उचलेना, ऑफिस सोडून दिलेलं. म्हटलं, त्याला कळलं असणार, तो गेला असणार. बिचारा.

आणि मग मी पिठलं केलं. डोळ्यांतून धारा, हातात पळी. मनात एकच: शेवटचा शब्द मी "मराल" म्हणाले. शेवटचा घास अळणी वाढला.

दुपार कलली तेव्हा भाताचा डबा एका हातात आणि फडक्यात बांधलेलं पिठल्याचं पातेलं दुसऱ्या हातात घेऊन निघाले. बस बंद. रिक्षा बंद. चालत निघाले. अर्ध्या वाटेवर एका म्हाताऱ्या टांगेवाल्याला दया आली. घरीच चालला होता, पण मला वर घेतलं. मी रडतेय म्हणून तोही डोळे पुसायला लागला.

"नक्को रोओ, बेटी," तो म्हणाला. "पूरा मुलुक रोरा आज."

आता पूरा मुलुक म्हटल्यावर तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडावा की नाही? नाही! मला आठवलं, अत्ते एकदा शिक्षकांच्या परिषदेला नागपूरला गेल्या होत्या. तिकडेही ओळखी असतील.

गल्लीत गर्दी वाढली होती. लोकांनी मला वाट करून दिली. ओसरीवर रघू दिसला, भिंतीला टेकून, चेहरा उतरलेला. मी पातेलं त्याच्या पायाशी ठेवलं आणि हंबरडा फोडला.

"मी त्यांना मारलं हो! मीच मारलं!"

चाळीस माणसं एकदम माझ्याकडे वळली. अशा दिवशी असं ओरडल्यावर वळणार नाहीत तर काय! रघूने झटकन माझा दंड धरला. "काय बोलतेस? कुणाला मारलंस?"

तेवढ्यात आतून आवाज आला.

"कोण ते? सुम्ने आरडाओरडा कसला? बातम्या ऐकू येईनात!"

आणि चष्मा कपाळावर चढवून अंबुअत्ते दारात उभ्या.

सकाळपासून त्या रेडिओला कान लावून बसल्या होत्या. इंग्रजीत जे ऐकू येई ते गल्लीला कानडीत सांगत होत्या. गल्ली त्यांच्यासाठी रडत नव्हती, त्यांच्याबरोबर रडत होती.

मी धावत जाऊन त्यांना मिठी मारली. "अत्ते! तुम्ही जिवंत आहात!"

"मग? मी कशाला मरू?" त्यांनी मला बाजूला केलं आणि त्यांची नजर पातेल्यावर गेली. "हे काय?"

त्यांनी फडकं सोडलं. झाकण उचललं. डब्यातला भात बघितला. मराठी घरातल्या बाईला दुपारी चार वाजता दारात आलेलं पिठलं आणि भात बघून आणखी काही सांगावं लागत नाही. त्यांनी हळूच मान वर केली.

"कोणासाठी गं?"

उत्तर द्यायची वेळच आली नाही. गल्लीच्या तोंडाशी एक जीप करकचून थांबली आणि तिच्यातून सात माणसं "वहिनी गं!" करत उतरली. सगळ्यात पुढे भाऊकाका, हातात संगमाच्या पाण्याची कळशी. मागे भटजी, काखेत दर्भाची जुडी. काका दारापर्यंत आले, वहिनीला उभी बघितली, आणि मटकन ओसरीच्या पायरीवर बसले. कळशी मात्र सोडली नाही.

"हिने सांगितलं," काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "म्हणाली, झेंडे उतरवले."

अत्तेंनी सगळ्यांकडे एकवार बघितलं. मग शाळेत उशिरा आलेल्या मुलीचं धरावं तसं माझं मनगट धरलं, पातेल्यासकट मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं. मी डोळे मिटले. म्हटलं, आता साताऱ्याचं तिकीट नक्की.

आवाज काही येईना. डोळे उघडले. अत्ते भिंतीला टेकून पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होत्या. खांदे गदगदा हलतायत, डोळ्यांतून पाणी.

"अय्यो, बाहेर देश रडतोय," त्या कशाबशा म्हणाल्या, "आणि तू मला हसवतेस! पाप लागेल की गं!" पुन्हा बोळा.

मग त्यांनी बोटाने पिठलं चाखलं. चेहरा वाकडा झाला.

"मीठ?"

मी कपाळावर हात मारला. सवयीनं घातलंच नव्हतं!

"जिवंतपणी बंद केलंस, समजलं. डॉक्टरने सांगितलं," अत्ते म्हणाल्या. "पण मेल्यावर तरी घालायचंस!"

चकल्या आठवल्या. सकाळपासून कमरेलाच होत्या, पदरात गाठ मारलेल्या. त्यांचा चुरा झाला होता. अत्तेंनी तो चुरा त्या पिठल्यात कालवला आणि उभ्या उभ्या खाल्ला. आमच्यात पुन्हा त्या भांडणाचा विषय निघाला नाही.

रस्ते बंद झाल्यामुळे नरसीपूरची मंडळी तीन दिवस तिथेच अडकली. रेडिओवर दिल्लीहून जे कानावर येत होतं त्याने कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता, हेही खरं. पण मी दोन्ही वेळा सात पाहुण्यांना रांधून वाढत होते, आणि वाढायला गेले की भटजी हमखास विचारायचे, "हे कोणाच्या नावाने?"

त्यानंतर अत्ते सत्तावीस वर्षं जगल्या. दर दिवाळीला चकल्या चाखताना मला विचारायच्या, "काय गं, मी आहे ना अजून?" मी म्हणायची, "आत येऊन बघते, थांबा."

मागच्या श्रावणात त्या गेल्या. पहाटे, झोपेत. या वेळी मी आतच होते. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि कळेपर्यंत तो गार झाला होता.

अत्तेंच्या घरातून नरसीपूरला फोन मीच लावला. भाऊकाका आता पंच्याऐंशीचे.

"काका, अत्ते गेल्या."

मग काका हळूच म्हणाले, "पोरी, टीव्ही लावून बघितलास का?"

"काका, खरंच गेल्या हो."

"बरं. फोन रघूकडे दे."

दुपारी गाडी आली. काका नातवाचा हात धरून उतरले. मी पुढे झाले. त्यांचे दोन्ही हात रिकामे.

"काका, संगमाचं पाणी?"

"गाडीत आहे. भटजीही गाडीतच बसलेत," काका म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून चपला काढू लागले. "त्यांना म्हटलं, तुम्ही थांबा. आधी मी आत जाऊन बघून येतो."