वळणावरची झुडपं आणि आमचा क्लब

मित्रांनो, डोकं तापलंय, म्हणून लिहून राह्यलो.

आज सकाळी वरोऱ्यात आमच्या सेवा क्लबची साप्ताहिक बैठक होती. जंगलालगतच्या एका गावातून सुनंदाबाई मुद्दाम आल्या होत्या. त्यांच्या गावच्या पोरी सायकलने शाळेत जातात. वाटेतल्या वळणावर झुडपं इतकी माजलीत की पलीकडचं काही दिसत नाही, आणि परवा तिथंच वाघ दिसला.

"झुडपं कापाले मानसं द्या जी," त्या म्हणाल्या. "आमी बायाही येतो."

यावर आमच्या अध्यक्षांनी काय ठरवावं? वन्यजीव जागृती कार्यक्रम! मग पाहुणे कोण बोलवायचे आणि बॅनरवर फोटो कोणाचे, यावरच वाद रंगला. मी मध्येच झुडपांचं काढलं तर अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, विषयावर या."

सुनंदाबाई चहा न घेताच उठल्या. "वाघ काय असते, ते आमाले ठाऊक हाये जी," एवढंच बोलल्या.

मी आणि माझा मित्र प्रकाश त्यांच्या मागोमाग निघालो. दुपारभर गावातल्या बायांसोबत विळे-कोयते चालवले. हात सोलून निघाले, पण रस्त्याची एक बाजू मोकळी झाली.

संध्याकाळी प्रकाशनं कामाचे फोटो क्लबच्या ग्रुपवर टाकले, तर अध्यक्षांचा मेसेज आला, "छान उपक्रम! फेसबुकवर क्लबच्या नावानं टाकून द्या."

मी ही पोस्ट लिहायला घेतली. दुसरी बाजू अजून तशीच आहे आणि सोमवारी शाळा आहे. उद्या सकाळी आम्ही पुन्हा जाऊन राह्यलो.

तुमच्यापैकी कोण येतं?